मागचे चार प्लग

होंडा सिटीची दुसरी पिढी भारतात २००३ साली आली आणि २००८ च्या अखेरीस तिची जागा नव्या सिटीने घेतली. त्या पाच वर्षांत विकल्या गेलेल्या गाड्या महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या गावांतून अजूनही नजरेस पडतात. व्यापारी घरांत चालू स्थितीतील वस्तू मोडीत काढण्याची रीत नसते. नवी, मोठी गाडी दारात आली तरी जुनी सिटी राहतेच. पंधरा वर्षे भरली की आरटीओत तिच्या नोंदणीचे नूतनीकरण होते आणि दुकान, बँक, स्टेशन, नातेवाइकांकडील कार्ये अशा फेऱ्यांसाठी ती पुन्हा जुंपली जाते. अशा गाडीच्या देखभालीत एक काम असे आहे, की जे पुष्कळदा अर्धेच होते आणि ज्याचे पैसे मात्र पुरते दिले जातात.

ते काम म्हणजे स्पार्क प्लग बदलणे. पेट्रोलच्या सामान्य गाडीत चार सिलिंडरांना चार प्लग असतात. या सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात मात्र आठ आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन. त्यांतील चार इंजिनाच्या पुढच्या अंगाला असून बॉनेट उघडताच त्यांच्या कॉइल दिसतात. उरलेले चार मागच्या अंगाला, काचेखालच्या पन्हळीच्या आड, फायरवॉलच्या जवळ दडलेले आहेत. तेथे डोळा पोहोचत नाही आणि हातही जेमतेमच पोहोचतो. नीट काम करायचे तर वायपर, त्याखालची काळी प्लास्टिकची पट्टी आणि वायपरची यंत्रणा काढून जागा मोकळी करावी लागते. त्याच सिटीचा पुढे आलेला व्हीटेक प्रकार चारच प्लगांचा आहे. तेव्हा आपल्या घरची गाडी कोणती, हे आधी पुस्तिकेत पाहून घ्यावे.

दोन प्लगांची ही योजना हौसेखातर केलेली नव्हती. सिलिंडरात दाबलेल्या पेट्रोल व हवेच्या मिश्रणाला एका टोकाकडून आग लागली, तर दुसऱ्या टोकापर्यंत ज्वाला जाण्यास वेळ लागतो. दोन बाजूंनी ठिणगी पडली, की ज्वलन झपाट्याने आणि पुरते होते, आणि कमी पेट्रोलात काम भागते. वेग आणि भार पाहून दोन्ही ठिणग्या कधी एकदम, तर कधी किंचित अंतराने टाकण्याची व्यवस्था या इंजिनात आहे. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. त्याच २००३ साली पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सरमध्ये डीटीएस-आय या नावाने एका सिलिंडरला दोन प्लग दिले होते. विमानांच्या पिस्टन इंजिनात तर प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असणे हा फार जुना रिवाज आहे, आणि त्याचे एक कारण असे, की एक प्लग गेला तरी दुसऱ्याच्या आधारावर विमान उतरवता यावे.

नेमकी हीच गोष्ट सिटीच्या बाबतीत मालकाच्या विरोधात जाते. चार प्लगांच्या गाडीत एक प्लग गेला, की गाडी लगेच मिसिंग मारते, थरथरते, चढावर दम सोडते आणि चालवणाऱ्याला कळते. आठ प्लगांच्या गाडीत पुढचा जोडीदार मागच्याचे काम बरेचसे सांभाळून घेतो. गाडी चालते, आवाजही विशेष बदलत नाही. पेट्रोल थोडे जास्त जाते, पिकअप थोडा मंदावतो. पण हा फरक इतक्या सावकाश पडतो, की मालक तो गाडीच्या वयाच्या खाती टाकतो. मागचे चार प्लग बदललेच नाहीत, हे कळण्यास वाट उरत नाही.

एखाद्या बाजारपेठेतील कापड दुकानदाराचे घर डोळ्यांपुढे आणावे. गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललेली. घरचा मुलगा ती गॅरेजमध्ये नेतो आणि संध्याकाळी घेऊन येतो. बिलावर आठ प्लग लिहिलेले असतात. वडील विचारतात, ‘‘जुने प्लग कुठे आहेत रे?’’ मुलगा म्हणतो, ‘‘पप्पा, ते घेऊन काय करायचं? भंगारच ना!’’ वडील दुकानात आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातील ताके मोजून घेणारे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गॅरेजवर जातात. कोपऱ्यातल्या डब्यात चार प्लग मिळतात. मिस्त्री मान खाली घालून म्हणतो, ‘‘शेठ, मागचे काढायला दोन तास लागतात. तुम्ही मजुरी दिली होती अर्ध्या तासाची.’’

या उत्तराने लबाडीचे समर्थन होत नाही. न लावलेल्या मालाचे बिल हे खोटे बिलच. तथापि त्या उत्तरातील दुसरे वाक्यही खरे आहे आणि ते ऐकून घेण्याजोगे आहे. प्लगच्या किमतीवर कोणी घासाघीस करत नाही, कारण ती वेष्टनावर छापलेली असते. घासाघीस होते ती मजुरीवर. ज्या कामात सामान स्वस्त आणि श्रम जास्त, तेथे मजुरी पिळली, की काम पातळ होते. हे सूत्र व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. शिलाईचा दर पाडला, की टाके लांब पडतात, हे त्याने पाहिलेले असते. म्हणून गॅरेजकडून काम करून घ्यायचे असेल, तर आधीच स्पष्ट बोलावे, ‘आठही बदलायचे आहेत, वायपर काढावे लागतील, त्याची मजुरी वेगळी धरा आणि जुने आठही प्लग परत द्या.’ एवढ्या चार वाक्यांनी बरेच साधते. प्रामाणिक मिस्त्रीला असा गिऱ्हाईक आवडतोच, कारण त्याच्या श्रमाची किंमत कोणीतरी न मागता कबूल केलेली असते.

दुसरा मार्ग म्हणजे हे काम घरीच करणे. त्यासाठी एक मोकळी सकाळ, थोडी हत्यारे आणि घाई न करणारा माणूस लागतो. घरात असा कोणी नसेल, तर पुढचा मजकूर मिस्त्रीच्या कामावर नजर ठेवण्यास उपयोगी पडेल.

प्रथम मालाविषयी. प्लगचा क्रमांक पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच घ्यावा. ‘यालाही चालतो’ हे दुकानदाराचे वाक्य येथे मानू नये. क्रमांकात प्लगच्या उष्णतेची श्रेणी दडलेली असते. एनजीके आणि डेन्सो यांच्या खुणेत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे आपली उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशच्या खुणेत हे नेमके उलट आहे. त्यामुळे एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलणे धोक्याचे. एनजीकेच्या पुष्कळ क्रमांकांत अखेरीस येणारे ११ म्हणजे दोन टोकांतील फट १.१ मिलिमीटर. साधे निकेलचे प्लग सामान्यतः तीस-चाळीस हजार किलोमीटर टिकतात, इरिडियमचे लाखाच्या घरात जातात. इरिडियमची किंमत कित्येक पट असते; पण जेथे काढण्या-घालण्याचे श्रमच भारी, तेथे जास्त टिकणारा माल घेण्यात हिशेब जुळतो. त्याच इंजिनासाठी इरिडियमचा योग्य क्रमांक कंपनीच्या यादीत मिळत असेल, तर निदान मागच्या चारांसाठी तरी तो विचार करण्यासारखा आहे. एका सिलिंडरला पुढे एका जातीचा व मागे दुसऱ्या जातीचा प्लग नको वाटत असेल, तर आठही त्याच जातीचे घ्यावेत.

गाडीला सीएनजी किट बसवलेले असेल, तर मुदत पुस्तिकेपेक्षा कमी धरावी. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवण्यास पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची वीज लागते, म्हणून प्लग आणि कॉइल दोहोंवर ताण अधिक येतो.

नकली प्लगांचा सुळसुळाट ही जुनी दुखरी जागा आहे. खोक्यावरील छपाई पुसट, प्लगच्या पांढऱ्या मातीवरील अक्षरे वाकडी, बाजूचे टोक मधल्या टोकावर नीट न आलेले, आट्यांवरची चकती सैल होऊन हातात येणारी, अशी चिन्हे दिसली, तर माल परत करावा. अधिकृत काउंटरवरून, पक्क्या बिलाने घेतलेला प्लग वीस-तीस रुपयांनी महाग पडला तरी तोच स्वस्त. विकत घेतलेला प्लग फरशीवर पडला, तर तो वापरू नये. आतल्या मातीला केसासारखी भेग गेली, तर ती दिसत नाही आणि ठिणगी तिथूनच पळ काढते.

साठ किलोमीटरच्या वेगात इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेते असे धरले, तर प्रत्येक दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने प्लगची ठिणगी मिनिटाला हजार वेळा उडते. साठच्या वेगाने एका मिनिटात एक किलोमीटर होतो. म्हणजे चाळीस हजार किलोमीटरांत चार कोटी ठिणग्या. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा कण झिजतो, फट रुंदावते आणि रुंद फट ओलांडण्यास कॉइलला जास्त जोर काढावा लागतो. झिजलेला प्लग तसाच ठेवला, की अखेरीस कॉइल जळते. कॉइलची किंमत प्लगच्या कित्येक पट असते, आणि या गाडीत कॉइलही आठ आहेत.

आता हत्यारे. रॅचेट, लांब आणि आखूड असे दोन एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट, १० नंबरचा पाना आणि प्लगची गोटी. गोटी आतून रबर किंवा चुंबक असलेली घ्यावी, नाहीतर सुटलेला प्लग खोल भोकातून वर येत नाही. बहुतेक जपानी गाड्यांना १६ नंबरची गोटी लागते, तरी नवीन प्लग तीत बसवून पाहावा आणि मगच कामाला लागावे. टॉर्क पाना असल्यास उत्तम. याखेरीज वीतभर रबरी नळी, चिकटपट्टी, चांगली बॅटरी आणि छोटा आरसा.

इंजिन पूर्ण थंड हवे. सिलिंडरचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि गरम असताना पोलादी प्लग फिरवला, तर मऊ आटे खरवडून निघतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हातात घ्यावी. किल्ली काढून ठेवावी आणि बॅटरीची ऋण बाजू सोडावी.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पुढच्या चारांपासून आरंभ करावा. तेथे सर्व दिसते, आणि प्लग सैल होताना, आटे पकडताना हाताला काय जाणवते याची ओळख होते. मागच्या बाजूला ह्याच ओळखीवर काम करायचे असते. कॉइलच्या जोडणीची प्लास्टिकची खिटी दाबून जोडणी सोडवावी. वायर धरून ओढू नये. पंधरा-वीस वर्षांच्या उष्णतेने ही खिटी बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. प्रत्येक जोडणीवर चिकटपट्टी लावून आकडा लिहावा. मग १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढून कॉइल किंचित पिळत वर घ्यावी.

कॉइल निघाली, की लगेच गोटी घालण्याचा मोह होतो. त्याआधी भोकात हवा मारावी. सायकलचा पंपही चालेल. वर्षानुवर्षे साचलेली वाळू आणि धूळ प्लगच्या मुळाशी बसलेली असते, आणि प्लग निघताच ती थेट सिलिंडरात उतरते. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा. एकाच वेळी एकच भोक उघडे ठेवावे. जुना काढला, नवा बसवला, की मगच पुढच्याकडे वळावे.

पुढचे चार झाले, की वायपरकडे यावे. दोन्ही पात्यांच्या जागी काचेवर चिकटपट्टीची खूण करावी. ही दोन मिनिटांची गोष्ट टाळली, तर परत बसवताना पाती तिरकी बसतात, एकमेकांवर आदळतात किंवा काचेची चौकट घासतात. टोपणाखालचे नट काढावेत. दांडा आपल्या दातेरी आसावर घट्ट बसलेला असतो. त्याला हळूहळू डोलवून सोडवावे, पेचकसाने उचकटू नये. मग काळ्या पट्टीच्या खिट्या एकेक करून काढाव्यात. त्यांतील एखाद-दुसरी तुटतेच, म्हणून चार-सहा नव्या आधीच आणून ठेवाव्यात. पट्टी, वायपरची यंत्रणा व तिच्या मोटरची जोडणी बाजूला झाली, की मागच्या कॉइल समोर येतात. ज्यांनी ही जागा प्रथमच पाहिली, त्यांना पन्हळीत सुकलेली पाने, माती, कधी उंदराने आणलेला कापूसही सापडतो. पाणी वाहून जाण्याची भोके दोन्ही टोकांना असतात. ती बुजली, की पावसाळ्यात पाणी केबिनमध्ये, पायाखालच्या गालिच्यात उतरते. हे काम मेअखेरीस काढले, तर ही सफाई आयतीच होऊन जाते.

मागच्या प्लगांपाशी रॅचेट सरळ उभी राहत नाही, म्हणून युनिव्हर्सल जॉइंट लागतो; आणि तो सैल मान टाकतो, गोटी भोकात शिरतच नाही. त्याच्याभोवती वायरची चिकटपट्टी दोन-तीन वेढे गुंडाळावी. मान ताठ राहते, तरी जोर लावला की वळते. एवढ्याशा युक्तीने निम्मा त्रास कमी होतो.

प्लग डावीकडे फिरवताना तो पहिल्याच झटक्यात सुटला, तर ठीक. सुटून पुन्हा अडू लागला, कुरकुरला, तर तेथेच थांबावे. आट्यांवर थोडे गंज सोडवणारे तेल सोडावे, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग पाव फेरा उजवीकडे, अर्धा डावीकडे, असे करत काढावा. येथे बळ कामी येत नाही. हेडचे आटे गेले, तर नवे आटे पाडून पोलादी वेटोळे बसवावे लागते आणि फायरवॉलला टेकलेल्या त्या जागी ते करणे म्हणजे कित्येकदा हेडच उतरवणे. दोन-तीन प्रयत्नांनंतरही प्लग अडत असेल, तर उघडलेले सर्व बंद करून गाडी गॅरेजमध्ये न्यावी. असे मध्येच थांबणे मुलांना कमीपणाचे वाटते. घरातील वडीलधाऱ्यांनी तेवढे सांगावे.

नवा प्लग गोटीत धरून घालू नये. रबरी नळीचे टोक प्लगच्या पांढऱ्या मातीवर चढवावे आणि नळी बोटांनी फिरवून प्लग आट्यात सोडावा. प्रथम डावीकडे हळू फिरवावा. आट्याला आटा जुळतो तेव्हा एक बारीक ‘टक्’ जाणवते. मग उजवीकडे. आटा वाकडा धरला असेल, तर नळीच प्लगवर घसरते आणि नुकसान टळते. पान्याने मात्र वाकडा प्लगही आत जातो, हेडचे आटे कापत. १४ मिलिमीटर जाडीच्या, लांब आट्याच्या प्लगला बोटांनीच दहा-पंधरा फेरे सहज जायला हवेत. दोन फेऱ्यांत घट्ट झाला, तर काढून पुन्हा आरंभ करावा. दृष्टी नसलेल्या जागी बोटांवर विश्वास ठेवण्याची ही कसरत पहिल्या प्लगला दहा मिनिटे घेते आणि चौथ्याला एक मिनिट.

बोटांनी प्लग टेकला, की नवी चकती असलेल्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. चकती चेपून हवाबंद बसणे एवढेच साधायचे असते. होंडाच्या अशा प्लगांना सामान्यतः १८ न्यूटन-मीटरचा आवळ सांगितला जातो. म्हणजे वीस सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला सुमारे नऊ किलोचा ओढा. हा जोर मनगटाचा आहे, खांद्याचा नाही. आट्यांना ग्रीस लावण्याची जुनी सवय येथे सोडावी. आजच्या प्लगांचे आटे मुलामा दिलेले असतात, आणि ग्रीस लागले, की तोच जोर लावूनही प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो. सैल राहिलेला प्लगही तितकाच वाईट. त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि टोक तापून लाल होते.

काढलेले आठ प्लग मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला भोके पाडून, आकडे लिहून, क्रमाने उभे करावेत. त्यांच्याकडे पाहणे ही या कामाची खरी मिळकत. टोक फिक्या तपकिरी किंवा राखाडी रंगाचे असेल, तर त्या सिलिंडरचे उत्तम चालले आहे. कोरडी काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी जात आहे. पहिल्याने एअर फिल्टर पाहावा. ओलसर, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिनातील तेल आत उतरते आहे, आणि ते वयाचे लक्षण आहे. टोक पांढरे पडून फोड आल्यासारखे असेल, तर इंजिन तापत आहे. मिस्त्रीला दाखवण्यास उशीर करू नये. पुढचे चार नवेकोरे आणि मागचे चार झिजून बोथट, फट दुप्पट झालेली, असे निघाले, तर मागच्या वेळी बिल कशाचे झाले होते, तेही कळते.

सर्व कॉइल आपापल्या जागी बसवून, जोडण्यांचा ‘टक्’ आवाज ऐकून, बॅटरी जोडावी आणि पट्टी व वायपर बसवण्याआधीच इंजिन सुरू करावे. एखादी जोडणी अर्धवट राहिली असेल, तर ती आता सापडलेली बरी. बॅटरी सोडल्यामुळे पहिली काही मिनिटे इंजिनाची मंद गती वरखाली होऊ शकते. गाडी गरम होईपर्यंत एसी बंद ठेवून तिला तशीच चालू द्यावे. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र तात्काळ बंद करावे. लुकलुकणे म्हणजे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जात आहे, आणि तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने भाजून निघतो.

इतर घरांच्या गाड्यांतही अशी अडचणीची जागा कुठे ना कुठे असते. मारुतीची ओम्नी आणि ईको ही दुकानाचा माल आणि घरची माणसे एकत्र वाहणारी वाहने. त्यांचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, आणि आसन उचलल्याखेरीज प्लग दिसतही नाहीत. तेथे काम सोपे, पण आसनाखालच्या धुळीमुळे हवा मारण्याचे पथ्य दुप्पट पाळावे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे जुन्या टोयोटा सिएनासारखी सहा सिलिंडरांची मोठी कौटुंबिक गाडी असण्याचा संभव आहे. तिचे व्ही आकाराचे इंजिन आडवे बसवलेले असून मागचे तीन प्लग हवेच्या मोठ्या नळकांड्याखाली, फायरवॉलच्या बाजूला आहेत. ते नळकांडे उतरवावे लागते आणि बसवताना त्याची गॅस्केट नवी घालावी लागते. तेथील मजुरीचे दर पाहता घरच्या घरी हे काम करणारे तेथे पुष्कळ आहेत. डिझेल गाडीवाल्यांना यातले काहीच लागत नाही; डिझेल ठिणगीने पेटतच नाही. तिच्यातील ग्लो प्लग ही निराळी वस्तू आहे.

इंजिन एकसारखे चालू लागले, की सिटीची पट्टी व वायपर परत चढवावेत. दांडे आसावर ठेवून, पाती चिकटपट्टीच्या खुणेवर आणून मगच नट आवळावेत. काचेवर तांब्याभर पाणी टाकून वायपर दोन-चार वेळा फिरवून पाहावेत, कारण कोरड्या काचेवर रबर अडखळते आणि जागा बरोबर आहे की नाही ते नीट कळत नाही. पाती खुणेवर येऊन थांबली, की चिकटपट्टी सोलून काढावी. पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख, किलोमीटर आणि ‘आठही’ असे लिहून ठेवावे.